दोनदा धुतलेली काच

हॅम्बर्ग, ९ ऑक्टोबर २०२३

हृषिकेश,

जय भीम. पूर्वी मी तुला 'हृषिकेशदादा, सप्रेम नमस्कार' असं लिहायचे. दादा म्हणायला तूच लावलं होतंस, मी नवीन आले तेव्हा, स्टेशनवर माझी बॅग उचलता उचलता. आता त्यातलं प्रेमही वगळते आणि दादाही.

मेल न करता पोस्टाने पाठवते आहे, कारण मेल न उघडता बाजूला सारता येते. हाताने लिहिलेलं मराठी पत्र घरात आलं की कोणीतरी ते उघडतंच. शमिकाने आधी उघडलं तर फारच उत्तम. शमिका, वाच गं. तुझ्यासाठीच सगळं सोपं करून लिहिते आहे. तुझ्या नवऱ्याला हे पाठ आहे.

आम्ही दोघं एटिंगर सरांच्या लॅबमध्ये एकाच प्रश्नावर काम करत होतो, तो पोस्टडॉक आणि मी पीएचडीची विद्यार्थिनी. झिंक आणि सेलेनियमचे मोजके अणू एकत्र येऊन एक छोटासा पुंजका तयार होतो, त्याला क्लस्टर म्हणतात. तो खरोखर किती टिकाऊ आहे हे मोजायचं होतं. नुसता बराच वेळ मोडला नाही म्हणजे टिकाऊ असं होत नाही. आळशी माणूससुद्धा खुर्चीतून बराच वेळ हलत नाही. म्हणून दोन्ही बाजूंनी मोजतात. क्लस्टर हळूहळू तापवत न्यायचा आणि कुठे सुटा होतो ते बघायचं. मग सुटे भाग घेऊन थंड करत यायचं आणि कुठे परत जुळतात ते बघायचं. दोन्ही वाटा एकाच तापमानाला भेटल्या तर तो आकडा खरा धरायचा.

माझा आकडा कमी यायचा. तुझा, हृषिकेश, भलताच जास्त. गंमत म्हणजे माझ्या दोन्ही वाटा जुळायच्या आणि तुझ्याही जुळायच्या. म्हणजे दोघांपैकी एकाच्या बाटलीत काहीतरी आगंतुक होतं. ते माझ्या बाटलीत आहे असं तू एटिंगर सरांना सांगितलंस. मला विचारलं नाहीस, परत मोजूया म्हणाला नाहीस. सगळ्या ग्रुपसमोर म्हणालास, क्रांतीचं काम उनझाउबर आहे. अस्वच्छ.

माझं कंत्राट वाढवलं नाही. कंत्राट नाही म्हणजे व्हिसा नाही, हे तुला मी सांगायला नको. आउसलेंडरबेहोर्डच्या, म्हणजे परदेशी लोकांच्या कचेरीच्या, बाकावर बसून मी एका बाईपुढे आयुष्यात पहिल्यांदा गयावया केली. उज्ज्वलकडे, माझ्या मावसभावाकडे, झिंडेलफिंगेनला सोफ्यावर झोपून नव्या जागेसाठी अर्ज केले. तो बिचारा कारखान्यातून शिफ्ट करून यायचा आणि मी जागी असले तर पाय न वाजवता स्वयंपाकघरात जाऊन उभ्याने जेवायचा. पीएचडी पहिल्या पायरीपासून सुरू करावी लागली. तुझा पेपर मोठ्या जर्नलमध्ये आला. शेवटी बारीक अक्षरांत माझे आभार होते, 'तांत्रिक मदतीबद्दल'. म्हणजे बाटल्या धुतल्याबद्दल.

आता तुला प्रोफेसरची खुर्ची मिळायची आहे असं ऐकलं. मिळायचीच आहे, मिळालेली नाही. तुझा आकडा दुसऱ्या कुठल्याच लॅबला येत नाही म्हणून तुमचं बेरूफुंग कमिशन, प्रोफेसर निवडणारी समिती, अडून बसलंय. त्यावर तोडगा म्हणून रिंगफेरझूख ठरला आहे: सगळ्या लॅबना एकच नमुना, एकाच ठिकाणी धुतलेल्या बाटल्या, आणि मग सगळ्यांचे आकडे एका तक्त्यात. तुझी लॅब त्यात आहे. चालवणार आम्ही, हॅम्बर्गवाले. बाटल्यांची जबाबदारी आमच्या लॅबच्या प्रमुख हिन्रिक्सन बाईंनी कोणाला दिली असेल, ओळख बघू.

लोभ असावा अशी विनंती नाही. होताच कुठे?

क्रांती मेश्राम


हॅम्बर्ग, ३ नोव्हेंबर २०२३

हृषिकेश,

पत्राला उत्तर म्हणून व्हॉइस मेसेज पाठवलास. लिहिलं की पुरावा राहतो, नाही का? फेरीबोटीची वाट बघत धक्क्यावर उभी होते, पाऊस आडवा लागत होता, तिथेच ऐकला. घरी येऊन परत ऐकला.

'आल्झो, क्रांती, जुनं उकरून काय मिळणार? परदेशात आपण चार मराठी माणसं. दिवाळीला ये ना, शमिका चकल्या करणार आहे.' आणि मग, अगदी शेवटी, आवाज खाली आणून: 'बाटल्या माझ्या लॅबच्या वापरल्या तर चालतील का?'

चालणार नाहीत. चकल्यांबद्दल आभार.

बाटल्यांचा विषय तूच काढलास म्हणून आता सरळच लिहिते. एटिंगरांच्या लॅबमध्ये आपल्या प्रयोगाच्या सगळ्या बाटल्या मी धुवायचे. ॲसिड, मग शुद्ध पाणी, मग ओव्हन. डबा भरला की लॅबच्या रिवाजाप्रमाणे वर धुणाऱ्याचं नाव चिकटवायचं. तू तो डबा उचलायचास, कोपऱ्यातल्या सिंककडे जायचास आणि सगळ्या बाटल्या परत धुवायचास. पहिल्यांदा मला वाटलं, काही राहिलं असेल माझ्याकडून. मी विचारलंही, 'दादा, धुतल्यात मी.' तू हसून म्हणालास, 'असू दे गं, माझी सवय आहे.'

सवय असेल, म्हटलं. मग तू दुसऱ्या प्रयोगासाठी आनाने धुतलेला डबा घेतलास. आना वाइनहोल्ड, आपली टेक्निशियन, जी बाटल्या धुताना कानात गाणी घालून नाचायची आणि अर्ध्या बाटल्यांना पाण्याचे डाग ठेवायची. तो तू तसाच वापरलास. एकदा नाही, प्रत्येक वेळी. मी मुद्दाम बघत राहिले. आनाचा डबा तसाच, माझा डबा सिंककडे.

याचा अर्थ मला कोणी समजावून सांगायची गरज पडली नाही. आमच्या घरात तो लहानपणीच कळतो. माझ्या आजीला मालकिणीच्या घरी चहा मिळायचा तो गोठ्यातल्या कोनाड्यातल्या कपातून. तुझी पद्धत सुधारलेली. तू कप तोच ठेवलास आणि फक्त परत धुतलास. आणि मग त्याच तोंडाने, भर मीटिंगमध्ये, माझ्या हाताला अस्वच्छ म्हणालास. एटिंगर सरांना तो कामाबद्दलचा साधा शेरा वाटला. मी टेबलाखाली हात घट्ट धरून बसले होते.

आईला काल फोनवर सांगितलं, की तुला पत्र लिहिते आहे. ती म्हणाली, 'काहून लिहून रायली वं त्याले? सोड ना आता. नोकरी हाय, तब्येत हाय, अजून काय पायजे?' मी म्हटलं, आई, मला तो पडलेला पाहिजे. आई भाजी काय केली ते विचारायला लागली.

तुझ्यापासून काही लपवत नाही. मला तुझी खुर्ची गेलेली बघायची आहे. माझी जशी गेली तशी, लोकांसमोर.

क्रांती


हॅम्बर्ग, २४ नोव्हेंबर २०२३

हृषिकेश,

या वेळी लिहिलंस, आणि टाइप करून. बरं झालं.

लिहितोस की मी जात मानत नाही, कॉलेजात माझा रूममेट तुमच्यातलाच होता, एका ताटात जेवलो आहोत. तुमच्यातलाच! हा शब्द लिहिताना बोट जरासुद्धा अडखळलं नाही? पुढे लिहितोस की शास्त्रज्ञ म्हणून दोनदा धुणं हा काळजीचा भाग होता. मग आनाच्या बाटल्यांची काळजी का नव्हती, याचं उत्तर पूर्ण दोन पानांत नाही. आणि शेवटी, नव्या पेपरमध्ये मला बरोबरीची पहिली लेखिका करायला तयार आहेस. मोठ्या मनाचा आहेस हो.

शमिकाने फोन केला होता, तुला सांगितलं की नाही माहीत नाही. फार हळू बोलत होती. म्हणाली, 'ताई, मी पत्रं वाचली. मला पटत नव्हतं. आमच्याकडे साफसफाईला पोलंडची पुट्सफ्राऊ येते, तिने पुसलेलं तो कधी परत पुसत नाही. मला वाटायचं, त्याला स्वच्छतेचं काही नाहीच.' मग म्हणाली, 'मागच्या वर्षी नागपूरची, जय भीम म्हणणारी एक मुलगी आमच्याकडे राहून गेली, तेव्हा मात्र त्याने सगळी भांडी परत घासली होती.'

आता कामाचं. या पत्रासोबत नाही, वेगळ्या पार्सलने तुला दोन डबे येतील. शेजाऱ्यांकडे पडून राहायला नकोत म्हणून लॅबच्या पत्त्यावर पाठवले आहेत. सगळ्या लॅबना असेच दोन गेले आहेत. एक डबा आमच्या टेक्निशियन पेटरसन बाईंनी धुतला आहे, एक मी. वर नावं आहेत, नेहमीच्या रिवाजाप्रमाणे. आत एकाच नमुन्याच्या सीलबंद कुप्या. दोन्ही डब्यांवर लाल अक्षरांत, जर्मनमध्ये आणि इंग्रजीत एकच सूचना आहे: बाटल्या आल्या तशा वापराव्यात, धुवू नयेत. तुला मराठीतही सांगते. धुवू नकोस.

हिन्रिक्सन बाईंनी मला विचारलं, 'त्या लॅबशी तुझं जुनं काही आहे ना? त्यांना नियम नीट कळला आहे ना? नंतर तक्रार नको.' मी म्हटलं, गेनाऊ, अगदी बरोबर, म्हणूनच मी त्याला वेगळं लिहिते आहे. बाई अत्यंत न्यायी आहेत. त्यांच्यामुळेच तुला ही एक संधी देते आहे, माझ्या मनात नव्हती.

संधी अशी. दोन्ही डबे जसे आले तसे वापर. तुझे दोन्ही आकडे बाकीच्यांसारखे आले, तर मी जुन्या गोष्टीबद्दल कोणाकडे एक शब्द काढणार नाही. तू दुरुस्ती छाप, जुन्या मशीनवर खापर फोड. कबूल केलेली चूक हे लोक माफ करतात, खुर्चीसुद्धा मिळेल. मी गिळून बसेन. गिळायची मला सवय आहे.

फक्त माझ्या हातची काच तशीच वापरायची. त्याहून जास्त काही मागत नाही.

आणि खरं सांगू? ते तुला जमणार नाही यावर माझा पूर्ण भरवसा आहे.

क्रांती


हॅम्बर्ग, १९ जानेवारी २०२४

हृषिकेश,

तक्ता आला. तुलाही मेलने गेला असेल, पण तो बघताना इथे काय झालं ते तुला माहीत नाही, म्हणून लिहिते.

मीटिंग रूममध्ये हिन्रिक्सन बाई, पेटरसन बाई आणि मी. पडद्यावर एकेक लॅब यायला लागली. पेटरसनचा डबा, मेश्रामचा डबा, आकडे शेजारी शेजारी, सगळीकडे कमी, सगळीकडे जवळपास सारखे. माझा पाच वर्षांपूर्वीचा आकडा. बाई माझ्याकडे बघून नुसती मान हलवत होत्या. मग पडद्यावर 'लिमये' आलं, तुझी लॅब. पेटरसनचा डबा: बाकीच्यांसारखाच, कमी. मेश्रामचा डबा: तुझ्या पेपरमधला आकडा, जसाच्या तसा.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाल्या, 'हा एकच माणूस, एकच मशीन, एकच नमुना. आणि उत्तरं दोन.' पेटरसन बाई मला म्हणाल्या, 'तुझ्या बाटल्या बाकी सगळीकडे चांगल्या निघाल्या. मग त्याच्याकडेच का बिघडल्या?'

बिघडल्या नव्हत्या. तू परत पाठवलेल्या बाटल्या आम्ही मास स्पेक्ट्रोमीटरवर तपासल्या. पेटरसनच्या बाटल्यांत क्लस्टर आणि त्याचे तुकडे, बाकी काही नाही. माझ्या बाटल्यांत क्लस्टरला चिकटून फॉस्फोनेट. कशातलं ते तू ओळखशील. लॅबच्या भांडी धुवायच्या साबणात ते असतं, काचेला बसलं की नुसत्या पाण्याने जात नाही, आणि झिंक दिसलं की त्याला घट्ट धरून ठेवतं. क्लस्टर तापला तरी सुटत नाही आणि सुटे भाग लवकर जुळतात, म्हणून दोन्ही वाटा छान जुळून येतात आणि आकडा वर जातो.

तर पाच वर्षं जगाने वाचलेला तुझा आकडा क्लस्टरचा नव्हताच. तो तुझ्या साबणाचा होता. माझी काच स्वच्छ होती, हृषिकेश. ती घाण तू केलीस, माझा हात पुसून काढायच्या नादात.

हे मला तुझ्या डब्यांमुळे नाही कळलं. मागच्या वसंतातच कळलं होतं. हिन्रिक्सन बाईंनी तुझा आकडा काढून दाखव म्हणून सांगितलं होतं आणि तो काही केल्या येत नव्हता. एक दिवस मला कोपऱ्यातलं सिंक आठवलं. मी माझ्याच धुतलेल्या बाटल्या साबणाने परत धुतल्या, तू धुवायचास तशा, आणि तुझा आकडा पहिल्याच फेरीत समोर आला. मी एवढ्या मोठ्याने हसले, की शेजारच्या लॅबमधून लोक बघायला आले. कारण कोणाला सांगायचं नाही, सगळ्यांना फक्त नियम सांगायचा, असं बाईंनी ठरवलं. शास्त्राच्या दृष्टीने तेच बरोबर होतं. माझ्या दृष्टीनेही.

काल तुझा फोन आला. आधी म्हणालास, 'अगं, सवयीने हात गेला.' मग म्हणालास, 'क्रांती, शपथ घेऊन सांगतो, मी ठरवलं होतं की नाही धुवायचं. पण तुझी ती पत्रं! इतकं विष. मला वाटलं, तू बाटल्यांत नक्की काहीतरी घातलं असशील. कोणीही धुतल्या असत्या.'

हो. मला वाटलंच होतं तुला असं वाटेल. पत्रं कशासाठी लिहिली असं तुला वाटलं? गप्प बसून नुसते डबे पाठवले असते, तर लाल अक्षरं वाचून तू कदाचित तसेच वापरले असतेस. मला ते नको होतं. मी तुला प्रत्येक पत्रात आठवण करून दिली, की हे कोणाच्या हातचं आहे आणि त्या हाताला तुझ्याबद्दल काय वाटतं. बाटल्यांत मी काही घातलं नव्हतं. जे घातलं ते पत्रांत. एका शब्दानेही खोटं बोलले नाही, नियम मोडला नाही, तुला दोनदा सावध केलं. तरी सापळा होता, आणि तो लावताना मला मजा आली.

तेव्हा आता फोनवर तू जे म्हणालास ते फार सोयीचं आहे: क्रांतीने विष कालवलं, म्हणून धुतलं. पण तेव्हा, एटिंगरांकडे, मी तुला दादा म्हणायचे. तुझ्यासाठी जेवणाचा डबा आणायचे. तेव्हा कोणती पत्रं लिहिली होती मी? तेव्हा काय घातलं असेल असं वाटायचं तुला माझ्या बाटल्यांत?

फोनवर मी हेच विचारलं. मग एवढंच म्हणालास, 'रिपोर्टमध्ये काय लिहिणार आहेस?'

लिहून झालं आहे. झालं ते लिहिलं: दोन डब्यांपैकी एक सूचनेविरुद्ध साबणाने धुतला गेला, आकडा साबणामुळे वाढला, जुन्या पेपरमधल्या आकड्याचंही कारण हेच. जात हा शब्द रिपोर्टमध्ये नाही. ती माझ्या मोजमापात येत नाही, ती तुझी बाब आहे.

मला वाटलं होतं तक्ता बघून मी नाचेन. झाला, आनंद झाला, खोटं कशाला बोलू; घरी येताना फेरीवर उगाचच सगळ्यांकडे बघून हसत होते. पण रात्री जेवायला बसले आणि ताट तसंच झाकून ठेवलं. समोर प्रोफेसरची खुर्ची, वर लाल अक्षरं, माझं वचन, आणि तरी या माणसाला माझ्या हातची काच नाही चालली. एवढी किंमत द्यायला तू तयार झालास! माझा भरवसा खरा ठरला, आणि मला तो खोटा ठरायला हवा होता हे मला तेव्हा कळलं. थोडासाच हवा होता. तुला त्याचं श्रेय देत नाही.

तुमच्या बेरूफुंग कमिशनने सोमवारी तुला बोलावलं आहे आणि रिंगफेरझूखच्या वतीने मलाही. हिन्रिक्सन बाईंनी त्यांच्या प्रश्नांची प्रत मला दाखवली. साबणाबद्दल एकही प्रश्न नाही, ते त्यांना समजलं आहे. प्रश्न एकच आहे: दोन्ही डबे सारखेच स्वच्छ, दोन्हींवर एकच सूचना, मग डॉक्टर लिमये यांनी त्यातला हाच का धुतला?

दुभाष्या नसेल. मी मध्ये बोलणार नाही. त्यांच्या भाषेत याला सोयीचा शब्द सापडणार नाही, तेव्हा तुला पूर्ण वाक्यं करून, पहिल्यापासून सांगावं लागेल, आणि हे लोक समजेपर्यंत परत परत विचारतात.

मी तुझ्या समोरच बसलेली असेन.

क्रांती मेश्राम